सकाळची सावली सडकेवर

माझी माय आयुष्यभर माझ्या चित्रांना नावं ठेवत आली आणि मला त्याचा राग येत राहिला. आता नावं ठेवायला कोणी नाही, तर ब्रश हातात घ्यावासा वाटत नाही. माणसाचं समाधान कशानंच होत नाही हेच खरं.

मी शाळामास्तर. राहायला आदिलाबादला, आणि नोकरी बेल्याच्या पुढं, पैनगंगेकडं जाणाऱ्या सडकेवरच्या एका खेड्यातल्या मराठी शाळेत. चित्रकला हा माझा विषय नाही. मी गणित आणि परिसर शिकवतो. चित्रं काढणं हा नुसता नाद. माझ्या आधी आमच्या घरात कोणी खुर्चीवर बसून काम केलेलं नव्हतं. माय ज्या खेड्यातल्या वावरांत मजुरीनं कापूस वेचायची, त्याच खेड्यात मी मास्तर झालो याचा तिला अभिमान होता. पण तो मास्तर सुट्टीच्या दिवशी कागद रंगवत बसतो हे तिला काही केल्या पटायचं नाही. "कागद रंगवून चूल पेटते का रे?" असं ती विचारायची. मी म्हणायचो, "पेटते ना माय, कागदानंच तर पेटते." त्यावर एकदा तिनं खरंच माझं एक चित्र चुलीत सारलं आणि वर म्हणाली की चांगलं पेटलं.

रोज सकाळी सातला मोटरसायकल काढायची, आठच्या सुमाराला गावाच्या अलीकडच्या, ओढ्यावरच्या मोरीवर थांबायचं आणि शाळा भरेपर्यंत एक छोटं चित्र काढायचं, असा माझा नेम होता. पोरांच्या चित्रकलेच्या वहीचा कागद, डब्याच्या झाकणात रंग आणि पाण्याची बाटली. मोरीच्या कठड्यावर बसलं की समोर सडकेच्या उजव्या कडेला एक जुनी चिंच, तिच्या पलीकडं पऱ्हाटीचं, म्हणजे कपाशीचं वावर आणि वर आभाळ. रोज तेच. गावातल्या लोकांना आधी कळेना हा मास्तर तिथं काय करतो. आमच्याकडं सडकेच्या कडेला कागद घेऊन बसलेला माणूस म्हणजे एक तर मोजणीवाला नाही तर तहसीलचा. एक म्हातारा माझ्या मागं बराच वेळ उभा राहिला आणि शेवटी हळूच म्हणाला, "सार, आमचं किती जाईन त्याच्यात?" मी म्हटलं, "काही जात नाही बाबा, मी चित्र काढतो." त्याला ते खरं वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी तो सातबारा घेऊन आला नाही एवढंच. कारण इथं सातबारा नसतो, त्याच्या जागी पहाणी असते, आणि ती तो नक्की शोधत असणार.

आषाढात मायला लकवा मारला. उजवी बाजू गेली. बोलणं जड झालं, पण पंधरा-वीस दिवसांत पुन्हा सुरू झालं, आणि जीभ पहिल्यापेक्षा जास्तच तिखट झाली असं माझी बायको म्हणायची. दवाखान्यातून तिला आमच्या दोन खोल्यांच्या घरी आणलं. आमचं घर कॉलनीत. मायच्या पलंगाजवळ खिडकी आहे, पण ती उघडली की शेजाऱ्याची भिंत दिसते. हात लांब केला तर भिंतीला लागतो. सारा जन्म उघड्या वावरात काढलेल्या बाईला आम्ही त्या भिंतीसमोर निजवलं. दुसरी जागाच नव्हती.

रोज संध्याकाळी मी आलो की ती विचारायची, "काय चालू हाय वावरात?"

मी बूट काढता काढता म्हणायचो, "काही नाही, चाललं आहे सगळं."

एक दिवस ती भडकली. "रोज तिथून जाणं-येणं तुहं, अन् तुले काईच दिसत नाई? डोळे त माहेच घेतले तू, मंग पाह्यत काऊन नाई?"

खरं सांगायचं तर मला त्या वावराबद्दल सांगण्यासारखं काही ठाऊक नव्हतं. मी ते रोज रंगवत होतो आणि तरीही ठाऊक नव्हतं. म्हणून मग मी त्या दिवशीचं चित्रच दप्तरातून काढून तिच्या समोर धरलं. बघ म्हटलं, असं चालू आहे.

तिनं ते डाव्या हातात घेतलं, लांब धरलं, जवळ धरलं. भादव्याचे दिवस होते. मी आभाळ मस्त निळं केलं होतं, डबीतला निळा जसाच्या तसा.

"हे आभाळ बजारातून आणलं का?"

"काऊन?"

"भादव्यात असं राह्यते का आभाळ? पाऊस पडून गेला की ते धुतलेल्या जर्मनच्या गंजावानी राह्यते, पांढुरकं. निळं होते ते दिवाळीच्या टायमाले. अन् ह्या पऱ्हाटीले पाणी लागलं हाय का नाई? पान तर सारं वर करून बसली, इतका ओलावा असल्यावर पान खाली मान टाकते."

दुसऱ्या दिवशी मी मोरीवर बसलो आणि पाहिलं. आभाळ पांढुरकं होतं. पानांनी माना टाकल्या होत्या. इतकी वर्षं मी तिथं बसून नेमकं काय करत होतो कोण जाणे. मला राग आला, तिच्यावरही आणि माझ्यावरही. मग रंगात पाणी वाढवलं आणि पहिल्यांदाच समोर होतं तसं आभाळ काढलं.

तेव्हापासून हा रोजचाच परिपाठ झाला. मी सकाळी काढायचो, संध्याकाळी ती तपासायची. मास्तर मी होतो आणि वही तपासून घेणाराही मीच होतो. ती काळ्या मातीचे रंग सांगायची. मला वाटायचं काळी माती म्हणजे काळी. ती म्हणायची, ओली असली की काळी, वरचा पापुद्रा वाळला की राखेसारखी, तण काढायला डवरा फिरवला की मधोमध काळी अन् कडेला राख. वारा उत्तरेचा सुटला की पऱ्हाटीचं पान उलटं होतं आणि वावर एकदम फिकं दिसतं. ते फिकं दिसलं की आम्ही बाया अंगावर धुडकं घ्यायचो, असं ती सांगायची. हवा पाहायला तिला कधी आभाळाकडं बघावं लागत नसे. वावराकडं पाहिलं की पुरे. मी चित्रकार, आणि हे मला चाळिशी उलटल्यावर मायच्या पलंगाशी बसून कळत होतं.

त्या दोन-तीन महिन्यांत मी सकाळी घाईनं उठायचो. आज काय असेल याची उत्सुकता असायची. चहा अर्धा टाकून निघायचो. बायको म्हणायची, "नोकरीले इतकी घाई कधी केली नाई तुमी." कधी आभाळात ढगांचे पट्टे नांगरलेल्या तासांसारखे पडलेले. कधी नुसतं ऊन, पण त्यात दमटपणा इतका की दूरची झाडं जवळ आल्यासारखी दिसायची. सोयाबीन पिवळं पडत गेलं, तसं त्याच्यावरचं ऊनही पिवळं दिसू लागलं. हे सगळं आधीही होतच असणार. पण आता घरी जाऊन कोणाला तरी द्यायचं आहे म्हणून मी ते पाहत होतो. चांगलं मात्र ती कधी म्हणाली नाही. चूक सापडली नाही की "हं" म्हणायची आणि कागद उशीखाली ठेवायची. त्या "हं"साठी मी तीस किलोमीटर गाडी हाकत होतो, हे आज कबूल करायला मला लाज वाटत नाही.

दसऱ्यानंतर कापूस फुटला. पाण्याच्या रंगात पांढरा लावत नाहीत, तेवढा कागद कोरा सोडतात. मायनं चित्र पाहिलं आणि म्हणाली, "कापूस कुठी हाय? इथं त तू काईच लावलं नाई."

मी तिला समजावून सांगितलं की पांढरं म्हणजे सोडून दिलेलं.

ती हसली. तोंड एका बाजूला ओढलं जायचं म्हणून ती हसणं टाळायची, पण त्या दिवशी हसली. "म्हंजे कापसासाठी तुले काईच मेहनत नाई. अन् आमी त्याच्यापायी पाठ मोडून घेतली."

तिच्या हाताच्या व्यायामासाठी दवाखान्यातल्या पोरीनं एक रबरी चेंडू दिला होता. दिवसातून तीन वेळा दाबायचा. मायनं तो दोन दिवस दाबला आणि फेकला. लहान लेकराचा खेळ म्हणे. मला म्हणाली, "मले बोंडं आणून दे." मग मी रोज चित्राबरोबर पिशवीत दहा-बारा फुटलेली बोंडंही आणायला लागलो. ती मांडीवर ताट घ्यायची आणि उजव्या हाताच्या तीन बोटांनी बोंडातला कापूस ओढायची. आधी तिला एक बोंड मोकळं करायला अख्खी सकाळ लागायची. टरफलाची टोकं बोटांत शिरायची, पण त्या बोटांना तशीही जाणीव कमीच होती. दिवाळीपर्यंत ती एका बैठकीला चार बोंडं वेचू लागली. दवाखान्यातली पोरगी तपासायला आली तेव्हा थक्क झाली आणि तेलुगूत काहीतरी म्हणाली. मायला तेलुगू मजुरीपुरतं कळायचं. ती म्हणाली, "तिले सांग, फरदडीले मी जाणार हाय."

फरदड म्हणजे शेवटची वेचणी, पिकाचा मुख्य भर सरल्यावरची. माय वेचायला जाणार नव्हतीच, तेवढं भान तिला होतं. तिला फक्त त्या चिंचेखाली जाऊन बसायचं होतं. बाया वेचतील, दुपारी भाकरी खायला सावलीत येतील, आणि त्यांच्यात आपण बसायचं. तीस वर्षं ती तिथं बसली होती. मी तान्हा असताना तिनं माझा लुगड्याचा झोका त्याच झाडाला बांधला होता. ऑटो करून तिला न्यायचं असं आम्ही पक्कं ठरवलं. ऑटोत तिला बसवायचं तर निदान दोन पावलं तिची तिला टाकता यायला हवीत, एवढीच अट दवाखान्यानं घातली होती. मग ती भिंतीला धरून उभं राहायला शिकू लागली. त्या झाडासाठी ती रोज सकाळी उभी राहत होती हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत होतं.

कार्तिकात सडकेच्या कडेच्या सगळ्या झाडांवर आकडे पडले. बुंध्यावर पांढऱ्या रंगाचा चौकोन आणि त्यात लाल आकडा. सडक रुंद होणार होती. आमच्या चिंचेवरही आकडा होता. मी मोरीवर बसलो, चित्र काढलं, आणि आकडा वगळला. तेवढा बुंधा मी तपकिरी करून टाकला. त्या दिवशी मायला चूक सापडली नाही. ती "हं" म्हणाली आणि तिनं कागद उशीखाली ठेवला.

थंडी वाढली. आमच्याकडची थंडी बाहेरच्यांना खरी वाटत नाही. सकाळी धुई अशी पडायची की मोरीवरून चिंच दिसायची नाही, नुसता एक गडद डाग दिसायचा. कागद वाळायचा नाही. मी चित्र मोटरसायकलच्या गरम सायलेन्सरजवळ धरून वाळवायचो, आणि एक-दोनदा कोपरा जळलाही. त्या धुईची चित्रं मला अजूनही माझी बरी चित्रं वाटतात. त्यांत फारसं काही नाही, ओला कागद आणि एक डाग. माय ती चित्रं हातात घेऊन सगळ्यात जास्त वेळ बसायची. म्हणायची, "अशा वक्ती आमी कापूस वेचत नसो. दहिवर उतरेपर्यंत चिचेखाली शेकोटी करून बसो. त्याच टायमाले साऱ्या गोष्टी होत."

मार्गशीर्षातल्या एका सकाळी मी मोरीवर पोचलो आणि चिंच आडवी पडलेली होती. फांद्या आधीच तोडून नेलेल्या. दोन माणसं बुंधा करवतीनं कापत होती आणि बाजूला यंत्र उभं होतं. मी गाडीवरून उतरलोच नाही. मला सगळ्यात विचित्र वाटलं ते आभाळ. ते एकाएकी फार मोठं झालं होतं. इतकी वर्षं मी झाडाच्या मागं थोडंथोडं आभाळ काढत आलो होतो आणि आता ते सगळंच समोर होतं, आणि मला ते अजिबात नको होतं.

त्या दिवशी चित्र काढलं नाही. मायला म्हटलं, शाळेत साहेब येणार होते, घाई होती. दुसऱ्या दिवशी मोरीवर पाठमोरा बसलो आणि दुसऱ्या बाजूचं वावर काढलं. तिसऱ्या दिवशी नुसतं आभाळ. मायनं दोन्ही कागद पाहून बाजूला ठेवले. चौथ्या दिवशी म्हणाली, "चिच काऊन नाई काढून राह्यला?"

"काढतो ना उद्या," मी म्हटलं.

स्वयंपाकघरात बायको म्हणाली, "तुमी सांगून काऊन नाई टाकत त्याईले?"

"ती व्यायाम सोडून देईल."

"सोडन तर सोडन. पण खोटं किती दिवस पुरन?"

"फरदडीपर्यंत," मी म्हणालो. "तोपर्यंत तिला चालता येईल. मग सांगू." आता वाटतं, चालता आल्यावर तिला नेणार कुठं होतो मी? हा साधा प्रश्न मी स्वतःला विचारलाच नाही. मुलांना गणित शिकवणारा माणूस मी.

फोनमध्ये चिंचेचा एक फोटो होता. कधीतरी शाळेतून परत येताना काढलेला. शाळेत मधल्या सुट्टीत मी तो समोर ठेवला आणि चित्र काढलं. मनापासून काढलं. फांद्यांचा डौल, बारीक पानांची जाळी, खाली सावली, सगळं फोटोवरून नीट उतरवलं. आभाळ त्या दिवसाचं, थोडं धुरकट. झाड फोटोतलं, हवा आजची. मला वाटलं, जमलं.

संध्याकाळी मायनं चित्र हातात घेतलं. तिची बोंडं वेचून झाली होती. ताटात कापसाचा लहानसा ढीग होता.

"हे सकाळचंच हाय ना?"

"सकाळचंच. काऊन?"

ती डाव्या हाताचं बोट चित्रावर ठेवून म्हणाली, "मंग सावली वावरात काऊन? सकाळी चिचेची सावली सडकेवर पडते. वावरात जाते ते दिवस कलल्यावर. पऱ्हाटीच्या तिसऱ्या तासात गेली की आमची सुट्टी."

माझी माय घड्याळ न वापरता आयुष्यभर कामावर गेली आणि कामावरून आली. सावलीच्या बाबतीत तिला फसवायला निघालो होतो मी. आताच, या क्षणी सांगायला हवं होतं. तिनं दार उघडून दिलं होतं. पण मी म्हणालो, "फोटोवरून काढलं माय आज. धुई लय होती, काही दिसत नव्हतं."

"चिच हाय ना?"

"हाय ना. जाईल कुठं?"

मी हसत म्हणालो होतो. ती माझ्याकडं पाहत राहिली. लहानपणी मी शाळा बुडवून आलो की ती असंच पाहायची आणि मग फटका बसायचा. त्या दिवशी फटका बसला नाही. "हाव," एवढंच म्हणून तिनं कागद उशीखाली न ठेवता मला परत दिला.

दुसऱ्या दिवशी मी सावली सडकेवर पाडली. ती चूक पुन्हा केली नाही. चित्र दाखवलं तेव्हा तिनं एकदा नजर टाकली आणि म्हणाली, "चांगलं हाय."

मी जन्मात पहिल्यांदा तिच्या तोंडून ते ऐकलं. ऐकलं आणि मला समजलं की आपण संपलो.

मग रोज तेच. "चांगलं हाय, बाबू." आभाळ निळं केलं तरी चांगलं. पौषाच्या थंडीत मी पऱ्हाटीला हिरवंगार पान काढलं, मुद्दाम काढलं, तिनं ओरडावं म्हणून. ती म्हणाली चांगलं आहे. तिनं बोंडं वेचणं एका दिवसात थांबवलं नाही. चारावर होती ती दोनवर आली, मग एकावर, मग ताट मांडीवर तसंच राहू लागलं. उभं राहायला सांगितलं की म्हणायची, पाय दुखते, उद्या पाहू. दवाखान्यातली पोरगी मला म्हणाली, "अम्माला आता मन नाही." मी मान हलवली.

बायको मला रोज सांगायची, "त्याईले समजलं हाय. तुमाले वाटते का समजलं नाई? तुमी फक्त तोंडानं सांगा." आणि मी रोज ठरवायचो. गाडीवर बसून वाक्यं जुळवायचो. घरी येऊन चित्र पुढं करायचो. एकदा खोटं बोललेलं सांगायचं असतं, पण दहा वेळा बोललेलं कसं सांगायचं ते मला येईना. प्रत्येक दिवशी सांगायच्या गोष्टीत कालचा आणखी एक दिवस वाढलेला असायचा.

आणि बाहेरची हवा तिच्या तिच्या वाटेनं चालली होती. माघात एका दुपारी गारा पडल्या, वेचायचा राहिलेला कापूस मातीत गेला. नंतर ऊन तापायला लागलं, पळस फुलला. आदिलाबादच्या माणसाला पळस काही सांगावा लागत नाही, रंगाचा नाद असलेल्याला तर मुळीच नाही. पण मी मोरीवर थांबणंच बंद केलं होतं. चित्र शाळेत फोटो पाहून व्हायचं. पळसाच्या रस्त्यानं मी जात होतो आणि मान खाली घालून जात होतो. मी काढलेली ती चिंचेची चित्रं दिवसेंदिवस जास्त देखणी होत गेली. शाळेतल्या सहकाऱ्यांनी वाहवा केली. एकानं तर एक मागून नेलं आणि भिंतीला लावलं. जाऊन काढून आणावंसं वाटतं, पण काय कारण सांगू?

फाल्गुनात मायला दुसरा झटका आला. ह्या वेळी वाचा गेली ती परत आली नाही. दवाखान्यानं सहा दिवसांनी घरी न्या म्हणून सांगितलं, आणि ते का सांगतात हे आम्हाला कळत होतं. ती डोळे उघडे ठेवून पडून असायची. ओळखायची की नाही, सांगता यायचं नाही. उजव्या डोळ्यातून सारखं पाणी यायचं, पापणी नीट मिटत नव्हती म्हणून. बायको तासातासाला कापसानं ते टिपायची.

घरी आणलं त्याच्या दुसऱ्या सकाळी मी मोरीवर गेलो. तीन महिन्यांनी. सडकेची एक बाजू खोदून गिट्टी टाकलेली होती. चिंचेच्या जागी बुंध्याचा हातभर उंचीचा थोटका राहिला होता, त्यावर धूळ. वावरात पऱ्हाटी उपटून ढीग लावलेले. आभाळ पांढरं, उन्हानं फिकं झालेलं, खाली क्षितिजाजवळ थोडं मातकट. वारा नव्हता. कुठंच सावली नव्हती, थोटक्याची होती तेवढी, सडकेकडं पडलेली, हात-दीड हात. मी जे होतं ते काढलं. काहीही जास्त नाही, काहीही कमी नाही. गिट्टी काढली, यंत्राच्या चाकांचे वळ काढले. उन्हानं कागद लगेच वाळला. शाळेत गेलो नाही, तसाच घरी परत आलो.

पलंगाजवळ बसून मी चित्र तिच्या डोळ्यांसमोर धरलं.

"माय, चिच तोडली," मी म्हटलं. "मार्गशीर्षातच तोडली. सडक रुंद करून राह्यले. मी तुले खोटं सांगितलं."

तिची नजर कागदावर होती. किंवा कागदाच्या पलीकडं भिंतीवर असेल. उजव्या डोळ्यातून पाणी आलं. पण त्या डोळ्यातून तर दिवसभर पाणी येतच होतं. मी डाव्या डोळ्याकडं पाहत राहिलो. तो कोरडा होता.

मी कागद आणखी जवळ नेला. म्हटलं, "पाह्य ना माय, नीट पाह्य. आभाळ बरोबर हाय का? काय चुकलं ते सांग."

बैल गेला अन् झोपा केला म्हणतात तशी माझी गत. किती वेळ कागद धरून होतो ते आठवत नाही. हाताला रग लागली. शेवटी बायकोनं माझ्या हातातून तो काढून घेतला आणि मायचा डोळा टिपला.

त्यानंतर माय नऊ दिवस होती. मी रोज सकाळी मोरीवर जाऊन समोर असेल तेच काढलं, आणून तिला दाखवलं, आणि काय चुकलं म्हणून विचारलं. आता लोक मला विचारतात, चित्रं काढणं का सोडलं. मी सांगतो, वेळ मिळत नाही.